अडते एकीकडे, फुटते दुसरीकडे

एक साधा प्रश्न विचारतो. एक लांब रबरी नळी आहे. तिचे रबर सगळीकडे सारखेच मजबूत आहे. पण नळी काही भागात अरुंद आणि काही भागात फुगीर आहे. तिची दोन्ही टोके बंद करून आत हवेचा दाब वाढवत नेला, तर ती कोठे फुटेल? अरुंद भागात की फुगीर भागात?

वर्गात हा प्रश्न विचारला की पुष्कळसे विद्यार्थी "अरुंद भागात" असे उत्तर देतात. जागा कमी, म्हणून तेथे दाब जास्त, असे त्यांना वाटते. हे उत्तर बरोबर नाही. ते का बरोबर नाही, हे समजून घेणे केवळ परीक्षेपुरते महत्त्वाचे नाही. अशीच एक नळी आपल्या प्रत्येकाच्या पोटात आहे. ती अडली, तर रोग्याच्या पोटात प्रथम कोठे लक्ष द्यायचे, हे शस्त्रवैद्याला या प्रश्नाच्या उत्तरावरूनच ठरवावे लागते. ही नळी म्हणजे मोठे आतडे, म्हणजेच बृहदांत्र.

नळीचा नकाशा

बृहदांत्राची लांबी सुमारे दीड मीटर असते. पोटाच्या उजव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात लहान आतडे संपते आणि तेथे मोठे आतडे सुरू होते. या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागाला उंडुक म्हणतात. आंत्रपुच्छ, म्हणजे ज्याला सुजल्यावर आपण 'अपेंडिक्स झाले' असे म्हणतो ते शेपूट, याच उंडुकाला चिकटलेले असते. तेथून आतडे उजवीकडून वर यकृतापर्यंत चढते, पोटातून आडवे डावीकडे जाते, डावीकडून खाली उतरते, मग अवग्रहाच्या चिन्हासारखे वळण घेते आणि शेवटी गुदाशयाला मिळते. उंडुक हा या सबंध नळीचा सर्वांत रुंद भाग, तर अवग्रहासारखे वळण हा सर्वांत अरुंद भागांपैकी एक.

मोठ्या आतड्याचे मुख्य काम पाणी शोषून घेण्याचे. त्यामुळे उजव्या बाजूला आतील पदार्थ पातळ असतो आणि डावीकडे पोचेपर्यंत तो घट्ट होतो. एवढ्या एका गोष्टीवरून रोगाची लक्षणे बदलतात. उजव्या बाजूच्या रुंद भागात गाठ वाढली, तर पातळ पदार्थ तिच्या कडेने वाहत राहतो. आतडे बराच काळ अडत नाही. पण गाठीतून थोडे थोडे रक्त झिरपत राहते आणि रोगी पांढरा फटक पडतो, त्याला धाप लागते. डाव्या बाजूला तशीच गाठ वाढली, तर अरुंद नळी आणि घट्ट पदार्थ यांमुळे आतडे अडण्याची भीती अधिक. पोट फुगते, कळा येतात, शौचास होत नाही आणि वाराही सरत नाही.

फुग्याचा प्रयोग

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. जत्रेत मिळतो तसा एक लांब, काकडीसारखा फुगा आणा. तो अर्धवट फुगवून तोंड बांधा. फुग्याचा पुढचा भाग जाड होतो आणि शेवटी एक बारीक शेंडी तशीच राहते. दोन्हीकडे बोटाने दाबून पाहा. जाड भाग टणक लागतो, शेंडी मात्र मऊच असते. आत हवा एकच आहे आणि पास्कलच्या नियमाप्रमाणे दाबही सर्वत्र सारखाच आहे. मग एक भाग ताणलेला आणि एक सैल, असे का?

नळीचा एक तुकडा घेऊन तो उभा, लांबीच्या दिशेने चिरला आहे अशी कल्पना करा. नळीची त्रिज्या त, तुकड्याची लांबी ल आणि आतला जादा दाब द मानू. चिरलेल्या पृष्ठाचे क्षेत्रफळ २ × त × ल इतके होईल. म्हणजे दोन अर्ध्या भागांना एकमेकांपासून दूर ढकलणारे बल द × २ × त × ल इतके असते. त्यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या भिंती दोन. प्रत्येक भिंतीतील एकक लांबीवरचा ताण ट मानला, तर दोन्हींचे मिळून बल २ × ट × ल. ही दोन बले समान ठेवली की उत्तर मिळते :

ट = द × त

म्हणजे भिंतीतील ताण हा दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराएवढा असतो. फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. दाब सर्वत्र सारखा असेल, तर जेथे त्रिज्या मोठी तेथे ताण मोठा. नळी फुगीर भागातच फुटणार!

आकडे घालून पाहू. समजा, अडलेल्या आतड्यातील जादा दाब दर चौरस मीटरला ३,००० न्यूटन आहे. म्हणजे साधारणपणे ३० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा. उंडुकाचा व्यास ६ सेंमी, म्हणजे त्रिज्या ०.०३ मीटर असेल, तर ताण दर मीटरला ९० न्यूटन येतो. भिंतीच्या एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर हा ताण ०.९ न्यूटन, म्हणजे सुमारे ९० ग्रॅम वजन टांगल्यासारखा. तेच उंडुक फुगून १२ सेंमी व्यासाचे झाले, की त्याच दाबाला हा ताण दुप्पट होईल. शिवाय भिंत ताणली गेल्याने पातळ होते. परीघ दुप्पट झाला आणि लांबी तेवढीच राहिली, तर जाडी निम्मी होणार. मग भिंतीच्या दर चौरस सेंटिमीटर छेदावर येणारा भार दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्यातच भिंतीतील बारीक रक्तवाहिन्या दबून रक्तपुरवठा तुटू लागतो आणि भिंत मरू लागते.

येथे आणखी एका गोष्टीचा संबंध येतो. लहान आतडे जेथे उंडुकाला मिळते, तेथे एक झडप असते. ती घट्ट बसणारी असेल, तर मोठ्या आतड्यातील वायू मागे लहान आतड्यात सुटू शकत नाही. पुढे गाठ, मागे झडप. मध्ये कोंडलेला वायू. अशा वेळी गाठ डावीकडे असली तरी आतडे फुटते ते बहुधा उजवीकडे, उंडुकापाशी. म्हणूनच पोट फुगलेला रोगी आला, की डॉक्टर क्ष-किरण चित्रात उंडुकाची रुंदी मोजतात. लहान आतडे ३ सेंमी, मोठे आतडे ६ सेंमी आणि उंडुक ९ सेंमीपेक्षा अधिक रुंद दिसले, तर ते फुगले असे मानण्याचा प्रघात आहे. उंडुक १२ सेंमीच्या पुढे गेले, तर आतडे फुटण्याचा धोका फार मोठा आहे, असे समजून पुढची पावले वेगाने टाकावी लागतात.

न चिरता पाहणे : क्ष-किरण

तपासणीची सुरुवात मात्र कोणत्याही यंत्राने होत नाही. डॉक्टर विचारपूस करतात, पोट हाताने तपासतात आणि हातमोजा घालून गुदाशयात बोट घालून पाहतात. बोटाच्या टप्प्यात येणाऱ्या गाठी या साध्या तपासणीत कळतात. रोगी संकोचाने नको म्हणतो, पण ही तपासणी टाळू नये.

त्यानंतर क्ष-किरण. रोगी उभा असताना घेतलेल्या चित्रात अडलेल्या आतड्यातील द्रव खाली आणि वायू वर राहतो. त्यामुळे गवंड्याच्या पाणसळीसारख्या आडव्या रेषा दिसतात. आतडे फुटले असेल, तर वायू पोटाच्या पोकळीत सुटतो आणि हलका असल्यामुळे वर जाऊन श्वासपटलाखाली चंद्रकोरीसारखा जमतो. ती कोर दिसली, की बहुधा शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते.

आतड्याचा आतला आकार मात्र साध्या चित्रात उमटत नाही, कारण आतड्याची भिंत आणि आजूबाजूचे मांस क्ष-किरणांना जवळपास सारखेच अडवतात. त्यावर युक्ती म्हणजे बेरियम सल्फेट. क्ष-किरणांचे शोषण ढोबळमानाने अणुक्रमांकाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. शरीरात विपुल असलेल्या ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, तर बेरियमचा ५६, म्हणजे सातपट. आणि सातचा घन ३४३. म्हणून बेरियमचा लगदा बस्तीवाटे आतड्यात भरला, की नळीचा साचाच चित्रात उमटतो. तुमच्यापैकी रसायनशास्त्राचा अभ्यास केलेला कोणी म्हणेल, की बेरियमचे क्षार विषारी असतात. ते खरे आहे. पण सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून ते शोषले जात नाही. आतडे फुटल्याची शंका असेल, तर मात्र बेरियम वापरत नाहीत, कारण ते पोटाच्या पोकळीत सांडले तर अपाय करते.

पुढे क्ष-किरणांची अनेक दिशांनी घेतलेली मापे संगणकाने जुळवून शरीराचा आडवा छेद दाखवणारे सी. टी. स्कॅन आले. त्याबद्दल कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आतडे कोठे अडले, गाठ भिंतीबाहेर पसरली आहे का, यकृतात डाग आहेत का, हे बहुतेक ठिकाणी या स्कॅनवरूनच पाहतात.

वाकडा जाणारा प्रकाश

चित्र कितीही चांगले असले तरी ती शेवटी सावलीच. दिसणारी गाठ कर्करोगाची की क्षयाची, हे सावली खात्रीने सांगत नाही. आपल्या देशात आतड्याचा क्षय नेमका उंडुकाच्या आसपास पुष्कळदा आढळतो आणि तो कर्करोगासारखाच दिसू शकतो. एकाला औषधांनी बरे करता येते, दुसऱ्याला शस्त्रक्रिया लागते. फरक करायचा तर गाठ डोळ्यांनी पाहून तिचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला हवा. पण वळणावळणाच्या दीड मीटर लांब अंधाऱ्या नळीत पाहायचे कसे? प्रकाश तर सरळ रेषेत जातो.

जिनिव्हाच्या डॅनियल कोलाडॉन यांनी पाण्याच्या वाकणाऱ्या धारेतून प्रकाशही वाकून जातो, हे दाखवणारा प्रयोग १८४२ मध्ये प्रसिद्ध केला. १८५४ मध्ये जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये तसाच प्रयोग करून दाखवला. खरे तर प्रकाश वाकत नाही. धारेच्या कडेवर आदळून पुन्हा पुन्हा आत परततो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. काचेच्या तंतूचा वक्रीभवनांक १.६२ आणि त्याभोवतीच्या काचेच्या आवरणाचा १.५२ असेल, तर क्रांतिक कोनाची ज्या १.५२ ÷ १.६२, म्हणजे सुमारे ०.९४, आणि कोन जवळपास ७० अंश. कडेवरील लंबाशी याहून मोठा कोन करून येणारा किरण बाहेर निसटूच शकत नाही. तंतू थोडा वाकवला तरी तो आतल्या आत टप्पे खात दुसऱ्या टोकाला पोचतो.

हजारो तंतूंची जुडी करून चित्र एका टोकाकडून दुसरीकडे नेता येते, हे १९५४ च्या जानेवारीत 'नेचर' या नियतकालिकात हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदर सिंग कपानी यांनी मांडले. कपानी पंजाबातल्या मोगा येथे जन्मलेले. त्या वेळी ते लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात संशोधन करीत होते. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. तंतूवर आवरण हवे, ही कल्पना हॉलंडच्या व्हान हील यांनी त्याच अंकात मांडली होती. आवरण नसेल, तर तंतू एकमेकांना चिकटले की प्रकाश एकातून दुसऱ्यात गळतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात लॉरेन्स कर्टिस या विद्यार्थ्याने १९५६ मध्ये काचेचेच आवरण असलेला तंतू तयार केला. १९५७ मध्ये बेझिल हिर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची जठरदुर्बीण प्रथम स्वतःच्या घशातून उतरवून पाहिली.

मोठ्या आतड्यासाठीची दुर्बीण याच तत्त्वावर पुढील दशकात तयार झाली. तिला कोलोनोस्कोप म्हणतात. ती बोटाएवढी जाड आणि दीड मीटरच्या आसपास लांब असते. टोक हवे तिकडे वळवता येते. १९८३ पासून चित्र तंतूंऐवजी टोकावरच्या इलेक्ट्रॉनिक चकतीने टिपले जाऊ लागले. प्रकाश आत नेण्याचे काम मात्र पुष्कळ दुर्बिणींत अजूनही तंतूच करतात.

तारेचा फास

दुर्बिणीतून पाहता पाहता उपचारही करता येतो. बृहदांत्राचा कर्करोग बहुधा एकाएकी उगवत नाही. आधी आतील अस्तरावर पॉलिप नावाचा एक कोंब येतो. सगळेच पॉलिप कर्करोगाचे होत नाहीत. पण जे होतात त्यांना सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक वर्षे लागतात. या अवधीत तो काढून टाकला, तर पुढचा रोगच टळतो. १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास सारून पॉलिप कापण्याची पद्धत सुरू केली. रोग्याचे पोट चिरावे लागत नाही.

तार वीजप्रवाहाने तापवून कापते आणि रक्तवाहिन्याही बंद करते. मग रोग्याला विजेचा धक्का का बसत नाही? घरातला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असतो आणि त्याने स्नायू आकसतात. येथे सेकंदाला काही लाख आवर्तने असलेला प्रवाह वापरतात; इतक्या जलद बदलाला मज्जातंतू आणि स्नायू प्रतिसाद देत नाहीत, ऊतक फक्त तापते. तोच प्रवाह मांडीवर लावलेल्या रुंद पट्टीतून बाहेर पडतो, पण तेथे तो मोठ्या क्षेत्रावर पसरल्यामुळे भाजत नाही.

एक धोका मात्र आहे. आतड्यातील जिवाणू हायड्रोजन आणि मिथेन हे ज्वालाग्राही वायू तयार करतात. तपासणीपूर्वी आतडे नीट धुतले नाही, किंवा धुण्यासाठी मॅनिटॉलसारखी जिवाणूंना खाद्य ठरणारी शर्करा वापरली, तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. १९७९ मध्ये अशा स्फोटात रोगी दगावल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. आता आतडे धुण्याची द्रावणे बदलली आहेत आणि आतडे फुगवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी न जळणारा कार्बन डायऑक्साइड वापरतात.

कापणे सोपे, जोडणे अवघड

गाठ भिंतीत खोल रुजली असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. लंडनच्या कथबर्ट ड्यूक्स यांनी गुदाशयाच्या कर्करोगाची १९३२ मध्ये केलेली विभागणी विद्यार्थ्यांनाही समजेल अशी आहे : पहिली पायरी, रोग भिंतीतच आहे; दुसरी, भिंत ओलांडली आहे; तिसरी, लसीका ग्रंथींत पोचला आहे. या ग्रंथी आतड्याच्या रक्तवाहिन्यांच्या कडेने असतात. म्हणून शस्त्रवैद्य केवळ गाठ न काढता तिच्या दोन्ही बाजूंचे आतडे आणि त्याला रक्त पुरवणारा पंख्याच्या आकाराचा पडदा ग्रंथींसकट काढतात. १९९१ पासून हे काम पोटावर लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीच्या साहाय्यानेही होऊ लागले.

खरी कसोटी उरलेली दोन टोके जोडण्यात आहे. सांधा गळला, तर मळ पोटात सांडून जीव धोक्यात येतो. सांध्यावर ओढ नको आणि दोन्ही टोकांना रक्त हवे, हे दोन नियम. टाका कोणत्या थरातून घ्यावा, हे अमेरिकेच्या विल्यम हॉलस्टेड यांनी १८८७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले : आतड्याच्या भिंतीचे बळ अस्तराखालच्या तंतुमय थरात असते, टाका त्यातून जायलाच हवा. रक्त पोचते आहे की नाही हे पाहण्यासाठी आता शिरेतून एक हिरवा रंग सोडतात. अवरक्त प्रकाश पाडला, की रक्त पोचलेला भाग चकाकतो. न पोचलेला भाग काळा राहतो.

आतडे आधीच अडून फुगलेले असेल, तर भिंत सुजलेली आणि पातळ झालेली असते. अशा भिंतीत टाका धरेलच असे नाही. म्हणून गाठ काढून आतड्याचे टोक तात्पुरते पोटावर उघडायचे आणि खालचे टोक शिवून बंद करायचे, ही पद्धत फ्रान्सच्या हार्टमान यांनी १९२१ मध्ये सांगितली. ती आजही उपयोगी पडते. पोटावर पिशवी आली म्हणजे आयुष्य संपले असे नव्हे. प्रकृती सुधारल्यावर काही महिन्यांनी पुष्कळांची टोके पुन्हा जोडता येतात, आणि ज्यांची पिशवी कायम राहते तेही कामधंदा, प्रवास सारे करतात. काही रोग्यांत अडलेल्या जागी निकेल-टिटॅनियमच्या मिश्रधातूची जाळीदार नळी दुर्बिणीतून सोडतात. ती स्वतःहून उलगडते, वाट मोकळी होते, दाब उतरतो; मग शस्त्रक्रिया सवडीने करता येते. लाप्लासच्या सूत्रात त्रिज्या आपण लगेच बदलू शकत नाही, पण दाब उतरवू शकतो. उपचाराचे पहिले पाऊल तेच आहे.

वेळ हीच खरी गोष्ट

या सर्व यंत्रांची मजल एका गोष्टीवर अवलंबून आहे : रोगी वेळेवर येतो का? अमेरिकेत पॉलिप काढलेल्या २,६०२ जणांवर दीर्घकाळ लक्ष ठेवले गेले. सर्वसामान्य लोकसंख्येवरून अपेक्षित असलेल्या मृत्यूंपेक्षा त्यांच्यात या कर्करोगाने झालेले मृत्यू ५३ टक्क्यांनी कमी होते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांच्या मानाने हा रोग आपल्याकडे कमी आढळतो. पण आपल्याकडे रोगी उशिरा येण्याचे प्रमाण अधिक आहे. शौचावाटे रक्त गेले, की ती मूळव्याधच असे घरचे ठरवतात आणि वर्ष-सहा महिने झाडपाल्यावर निघून जातात. बहुतेकदा ती मूळव्याधच असते, हे खरे. पण 'बहुतेकदा' आणि 'नेहमी' यांतला फरक विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, कारण नसताना घटणारे वजन, मोठ्या माणसात आढळलेला रक्तक्षय यांपैकी काही घरात कोणाला असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांकडे जायला सांगा. आजोबा किंवा आई हे तुम्हाला आपण होऊन सांगणार नाहीत. तुम्ही विचारलेत, तर कदाचित सांगतील.

विचार करा

१. गाठ डाव्या बाजूला आहे, पण लहान आतड्याकडची झडप घट्ट बसत नाही. उंडुक फुटण्याचा धोका वाढेल की कमी होईल? का?

२. तंतूचा वक्रीभवनांक १.६२ आणि आवरणाचा १.४६ असेल, तर क्रांतिक कोन किती? तंतू अधिक वाकवता येईल की कमी?

३. रोगी आडवा झोपलेला असताना घेतलेल्या क्ष-किरण चित्रात श्वासपटलाखालची चंद्रकोर का दिसत नाही?